इर्विनचं स्मृती-केंद्र आणि शिकून झाल्यानंतरचं इंजेक्शन

एम. फार्म.ला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: 'स्मृतीवर काम करणाऱ्या औषधांचे जुने पेपर वाचताना सारखा एकच पत्ता दिसतो, कॅलिफोर्निया विद्यापीठ, इर्विन. तिथे शिकणं आणि स्मृती यांच्यासाठी वेगळं संशोधन केंद्र आहे. ते कसं उभं राहिलं? एका विषयासाठी वेगळं केंद्र कशाला लागलं? आणि माझ्यासारख्याने त्यातून काय घ्यावं?'

मी तीस वर्षं औषधशास्त्र शिकवते. त्यातली बरीच वर्षं उंदरांच्या स्मृतीच्या चाचण्या करण्यात आणि मुलांकडून करून घेण्यात गेली. या केंद्राचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो एका साध्या गोष्टीसाठी. औषध शिकण्याच्या आधी द्यायचं की नंतर, या एका प्रश्नावर ते सगळं घर उभं आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपण नेहमी करतो ती पॅसिव्ह अव्हॉयडन्स चाचणी डोळ्यांसमोर आणा. दोन कप्प्यांची पेटी. एका कप्प्यात उजेड, दुसऱ्यात अंधार, मध्ये सरकतं दार. उंदराला अंधार आवडतो, त्यामुळे दार उघडलं की काही सेकंदांत तो आत जातो. आत गेला की पायांखालच्या सळ्यांमधून हलका शॉक. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा उजेडाच्या कप्प्यात ठेवायचं आणि स्टॉपवॉच लावायचं. ज्याला आठवतं तो दाराशी येतो, मिशा आत घालून हुंगतो, एक पुढचा पाय सळीवर टेकवतो आणि मागे घेतो. कोपऱ्यात जाऊन अंग चाटतो, पुन्हा दाराशी येतो. ज्याला आठवत नाही तो सरळ आत जातो. आत जायला किती सेकंद लागले, तेच आपलं मोजमाप.

माझ्या स्वतःच्या प्रबंधात मी ब्राह्मीचा अर्क शॉकच्या तासभर आधी पाजला होता. ब्राह्मी घेतलेले उंदीर दुसऱ्या दिवशी जास्त वेळ बाहेर थांबले आणि मी 'स्मृती सुधारली' असं लिहून टाकलं. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बाई, त्यांना जास्त आठवलं, की त्या दिवशी शॉक जास्त लागला? की औषधाने ते आधीच घाबरट झाले होते?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकताना औषध अंगात असेल तर वेदना, भीती, लक्ष, भूक, हालचाल सगळंच बदलू शकतं, आणि स्मृतीचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही. घरी येऊन मी त्यांनी सुचवलेला १९६६ सालचा 'सायन्स'मधला लेख शोधला. लेखक जेम्स मॅगॉ. हेच इर्विनच्या केंद्राचे संस्थापक.

मॅगॉ १९५०च्या दशकात बर्कलीला पीएच.डी. करत होते. त्याच्याही आधी, १९१७ साली, कार्ल लॅशली यांनी उंदरांना स्ट्रिक्नीनचा अगदी कमी डोस देऊन भूलभुलैया शिकवला होता आणि ते लवकर शिकले असं नोंदवलं होतं. स्ट्रिक्नीन म्हणजे आपल्या काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, बियांमधलं विष. कोकणात काजऱ्याचं झाड पुष्कळांनी पाहिलेलं असतं. लॅशलींनी ते शिकण्याआधी दिलं होतं, म्हणजे माझ्या प्रबंधातली अडचण तिथेही होतीच. मॅगॉ यांनी ठरवलं की उंदीर आधी शिकू द्यायचा, त्या दिवसाचे प्रयत्न संपले की मग सुई द्यायची, आणि चाचणी दुसऱ्या दिवशी, औषध अंगातून निघून गेल्यावर घ्यायची. त्यांच्या मार्गदर्शकांना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. शिकून झालेल्या गोष्टीवर नंतरचं औषध काय परिणाम करणार? ते रजेवर परदेशी गेले तेव्हा मॅगॉ यांनी प्रयोग करून टाकला. नंतर सुई दिलेले उंदीर दुसऱ्या दिवशी कमी चुका करत होते.

यामागचा विचार नवा नव्हता. गॉटिंगनचे म्युलर आणि पिल्झेकर यांनी १९०० सालीच लिहिलं होतं की नुकतंच शिकलेलं लगेच पक्कं होत नाही, त्याला मुरायला वेळ लागतो. आपण त्याला दृढीकरण म्हणतो, लॅबमध्ये सगळे कन्सॉलिडेशनच म्हणतात. दुचाकीच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाला धडक बसण्याआधीची काही मिनिटं आठवत नाहीत, हा अनुभव कुठल्याही कॅज्युअल्टीतला डॉक्टर सांगेल. १९४९ साली उंदरांना शिकवल्यानंतर विजेचे झटके देऊन हेच दाखवलं गेलं होतं. झटका जितका लवकर, तितकं विसरणं जास्त. पण ही सगळी बिघाडाची उदाहरणं होती. ती कोवळी स्मृती नंतरच्या औषधाने बळकटही करता येते, हे मॅगॉ यांनी दाखवलं. आणि त्याला वेळेचं बंधन आहे, हेही. शिकल्यावर लगेच दिलेलं औषध लागू पडतं, काही तासांनी दिलेलं तेच औषध वाया जातं. हा उशिरा सुई दिलेला गट म्हणजे या पद्धतीचा कणा आहे. त्याशिवाय परिणाम स्मृतीवरच झाला असं म्हणता येत नाही. पीएच.डी.नंतर ते रोमला नोबेलविजेते औषधशास्त्रज्ञ दानियल बोव्हे यांच्याकडे गेले. आपल्या विषयाच्या माणसाला हा दुवा लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्मृतीचं हे शास्त्र मानसशास्त्र आणि औषधशास्त्र यांच्या मधल्या वाटेवर वाढलं.

आता इर्विनकडे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियाची लोकसंख्या भराभर वाढत होती आणि विद्यापीठाला नवे कॅम्पस हवे होते. ऑरेंज काउंटीत इर्विन कंपनीच्या मोठ्या रँचमधली हजार एकर जमीन विद्यापीठाला एका डॉलरला मिळाली. गुरांची कुरणंच होती ती. १९६५च्या ऑक्टोबरात सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनिशी वर्ग सुरू झाले. नव्या विद्यापीठाचा मोठा फायदा असा की तिथे जुन्या विभागांच्या भिंती नसतात. जीवशास्त्राचे पहिले डीन एडवर्ड स्टाइनहाउस हे कीटकांच्या रोगांचे अभ्यासक. त्यांनी वनस्पतीशास्त्र, प्राणिशास्त्र अशी नेहमीची वाटणी केलीच नाही. रेणू आणि पेशी हा एक विभाग, संपूर्ण जीव हा दुसरा, समूह आणि पर्यावरण हा तिसरा, आणि चौथा सायकोबायॉलॉजी, म्हणजे वर्तन आणि मेंदू. या चौथ्या विभागासाठी त्यांनी १९६४ साली ओरेगॉनहून मॅगॉ यांना बोलावलं. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते.

ही जागा नीट समजून घ्या. मानसशास्त्रातून आलेला माणूस, स्मृतीचा अभ्यास करणारा, आणि त्याला बसवलं जीवशास्त्रात. मेंदू आणि वर्तन यांच्या अभ्यासाला वाहिलेला जगातला हा पहिला विद्यापीठीय विभाग मानला जातो. 'न्यूरोसायन्स' हा शब्दही तेव्हा नुकता रुळत होता. आपल्याकडे आजही मानसशास्त्र कला शाखेत, औषधशास्त्र फार्मसीत किंवा मेडिकलला, शरीरक्रियाशास्त्र आणखी तिसरीकडे. एकाच कॅम्पसवर असूनही हे लोक एकमेकांच्या सेमिनारला जात नाहीत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विभागात लवकरच आलेले नॉर्मन वाइनबर्गर ऐकण्याचा अभ्यास करत. प्राण्याला एक ठरावीक सूर ऐकवून लगेच शॉक दिला, की मेंदूच्या श्रवणभागातल्या पेशी त्या सुराकडे झुकतात. आधी दुसऱ्याच सुराला सर्वांत जोरात प्रतिसाद देणारी पेशी आता या सुराला देऊ लागते. आवाज आत घेणारा भाग फक्त कान-मेंदूचा दरवाजा आहे, शिकणं पुढे कुठेतरी घडतं, ही तेव्हाची ठाम समजूत त्यातून हलली. गॅरी लिंच आणि कार्ल कॉटमन १९६०च्या दशकाच्या शेवटी आले आणि मेंदूला इजा झाल्यावर उरलेले चेतातंतू रिकाम्या जागेत नवे फाटे कसे फोडतात यावर त्यांनी काम केलं. कॉटमन यांच्याच गटाने पुढे १९९५ साली दाखवलं की चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागात, बीडीएनएफ हे चेतापेशींना पोसणारं द्रव्य वाढतं. व्यायामाने मेंदू तरतरीत राहतो असं आज जो तो सांगतो, त्याच्या मुळाशी असलेल्या कामांतलं हे एक.

लिंच यांच्या लॅबमधला एक प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. चेतापेशींमधला जोड वापराने बळकट होतो आणि बळकट राहतो, हे १९७३ साली ब्लिस आणि लोमो यांनी ओस्लोतल्या कामातून मांडलं होतं. पण त्यासाठी विजेचे धक्के फार जोरात आणि एकसारखे द्यावे लागत, मेंदूत एरवी तसे कधी उमटत नाहीत. लिंच यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसची मिलिमीटरपेक्षाही पातळ चकती कापून, प्राणवायू सोडलेल्या द्रावात ती जिवंत ठेवून, मेंदूची स्वतःची लय वापरून पाहिली. उंदीर फिरत, हुंगत असताना त्याच्या हिप्पोकॅम्पसमध्ये सेकंदाला पाच-सहा वेळा येणारी थीटा लय असते. त्यांनी चारच छोटे झटके दिले, मग २०० मिलिसेकंद थांबले, पुन्हा चार, पुन्हा थांबले. एवढ्याने जोड बळकट झाला, आणि हे मधलं अंतर बदललं की परिणाम घटत होता. जॉन लार्सन आणि सहकाऱ्यांचं हे १९८६च्या सुमाराचं काम. आज जगातल्या असंख्य लॅबमध्ये 'थीटा बर्स्ट' हा रोजचा शब्द आहे. इथेही मूळ मुद्दा पुन्हा वेळेचाच आहे.

मॅगॉ मधल्या काळात डीन झाले, मग विद्यापीठाच्या कारभारात वरच्या पदांवर गेले. कारभारातून मोकळे झाल्यावर १९८३ साली त्यांनी शिकणं आणि स्मृती यांच्या चेताजीवशास्त्राचं केंद्र स्थापन केलं. केवळ याच विषयाला वाहिलेली जगातली पहिली संशोधन संस्था असं त्याचं वर्णन केलं जातं. २००४ पर्यंत ते त्याचे संचालक होते. तुम्ही विचारलंत की विभाग असताना केंद्र कशाला. विभाग पदव्या देतो, अभ्यासक्रम चालवतो, प्राध्यापकांच्या जागा भरतो. त्यात कुणी झोपेवर काम करतं, कुणी हॉर्मोनवर. केंद्राला पदव्या द्यायच्या नसतात. निरनिराळ्या विभागांतली, एकाच प्रश्नावर काम करणारी माणसं त्याने एका छताखाली आणायची, बाहेरच्यांना बोलवायचं, परिषदा भरवायच्या. चकतीतल्या जोडावर काम करणारा आणि माणसांना चित्रं दाखवणारा एकाच जिन्याने वर-खाली करतात तेव्हा काय होतं, ते पुढे येईलच.

त्याआधी केंद्रातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं काम सांगते. १९७५ साली मॅगॉ यांच्या लॅबमधल्या पॉल गोल्ड यांनी दाखवलं होतं की शिकल्यानंतर अॅड्रेनालिन टोचलं की उंदरांना जास्त आठवतं. म्हणजे बाहेरून कुचला द्यायचीही गरज नाही, शरीर घाबरल्यावर स्वतःच जे सोडतं तेच हे काम करतं. पण अॅड्रेनालिन रक्तातून मेंदूत सहज शिरत नाही, मग परिणाम कसा? १९८३ सालीच लिआंग आणि मॅगॉ यांनी दाखवलं की अमिग्डलाला, म्हणजे मेंदूतल्या भावनांशी निगडित भागाला, जोडणारा एक तंतूंचा पट्टा नष्ट केला तर अॅड्रेनालिनचा हा परिणाम मंदावतो. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. अॅड्रेनालिनचा निरोप पोटा-छातीतून वर जाणाऱ्या व्हेगस नसेतून मेंदूच्या बुंध्याशी पोचतो, तिथून नॉरअॅड्रेनालिन अमिग्डलात सुटतं, आणि अमिग्डला बाकीच्या मेंदूला कळवतो की हे महत्त्वाचं आहे, जपून ठेव.

मग स्मृती अमिग्डलात साठते का? १९९४ साली पॅकार्ड, कॅहिल आणि मॅगॉ यांनी केलेला प्रयोग मी दर वर्षी फळ्यावर काढते. पाण्याच्या गोल टाकीत उंदीर पोहतो आणि बाहेर पडायला पाट शोधतो. एका गटाला पाण्याखाली दडलेला, पण कायम एकाच जागी असलेला पाट शोधायचा असतो. हे हिप्पोकॅम्पसचं काम. दुसऱ्या गटाचा पाट दिसतो, पण दर वेळी जागा बदलतो. तिथे खूण ओळखून जायचं असतं, ते मेंदूतल्या कॉडेट या भागाचं काम. शिकणं संपल्यावर लगेच अॅम्फेटामिन या उत्तेजक औषधाचा सूक्ष्म थेंब मेंदूत सोडला. हिप्पोकॅम्पसमध्ये सोडला तर फक्त जागेची स्मृती सुधारली. कॉडेटमध्ये सोडला तर फक्त खुणेची. अमिग्डलात सोडला तर दोन्ही. शिवाय दुसऱ्या दिवशी चाचणीच्या आधी अमिग्डला लिडोकेनने बधिर केला तरी उंदरांना सगळं आठवत होतं. म्हणजे ठेवा दुसरीकडेच आहे, अमिग्डला त्याला बळ देऊन बाजूला होतो. इतक्या थोड्या उंदरांत इतका मोठा प्रश्न इतक्या स्वच्छपणे सुटलेला मी क्वचित पाहिला आहे.

त्याच वर्षी लॅरी कॅहिल यांनी हे माणसांत नेलं. स्लाइड्सवर एक गोष्ट दाखवली: मुलगा आईबरोबर वडिलांना भेटायला हॉस्पिटलला निघतो. काहींना साधी गोष्ट सांगितली, काहींना वाटेत मुलाचा भीषण अपघात होतो अशी. आठवड्यानंतर कल्पना न देता चाचणी घेतली, तर अपघाताचा भाग लोकांना जास्त आठवत होता. ज्यांना आधी प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, त्यांना अपघाताचा भागही साध्या भागाइतकाच आठवला. ही आपली रोजच्या वापरातली, अॅड्रेनालिनचा परिणाम अडवणारी बीटा-ब्लॉकर गोळी. इथे औषध आधी दिलेलं होतं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण २००३ साली कॅहिल यांनी चित्रं दाखवून झाल्यावर लोकांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला लावले, आणि आठवड्याने त्यांना भावना चाळवणारी चित्रं जास्त आठवली. उंदरांच्या सुईचंच ते माणसांतलं रूप.

२००० सालच्या जून महिन्यात मॅगॉ यांना एका स्त्रीचा ईमेल आला. तिला लहानपणापासूनचा प्रत्येक दिवस आठवत होता आणि ते तिला ओझं झालं होतं. शोधनिबंधात तिला 'एजे' म्हटलं आहे. त्यांनी तिला तारखा विचारायला सुरुवात केली. तेहरानमध्ये अमेरिकन ओलीस धरले गेले त्याची तारीख तिने ४ नोव्हेंबर १९७९ सांगितली. समोरच्या संदर्भग्रंथात ५ होती. ती अडून बसली. दुसरीकडे तपासलं तर ग्रंथ चुकला होता. एकदा अचानक तिला १९८० पासूनच्या सगळ्या ईस्टरच्या तारखा लिहायला सांगितल्या. ईस्टर आपल्या पाडव्यासारखा, दर वर्षी तारीख बदलतो. दहा मिनिटांत तिने चोवीस तारखा लिहिल्या, एकच चुकली, तीही दोन दिवसांनी, आणि प्रत्येकीपुढे त्या दिवशी आपण काय केलं तेही लिहिलं. ती ज्यू, ईस्टर तिचा सणसुद्धा नव्हे. मात्र शब्दांची यादी पाठ करण्यात ती साधारणच होती, शाळेतही पाठांतर तिला जड जात असे. पार्कर, कॅहिल आणि मॅगॉ यांनी २००६ साली हे प्रसिद्ध केलं. त्यानंतर अशी आणखी माणसं पुढे आली आणि २०१२च्या निबंधात अकरा जणांचा अभ्यास होता.

जिन्याचं म्हटलं होतं ते आता. खोट्या स्मृतींवरच्या कामासाठी जगभर माहीत असलेल्या एलिझाबेथ लॉफ्टस २००२ साली इर्विनला आल्या. 'गाड्या धडकल्या तेव्हा' असं विचारलं की 'आदळल्या तेव्हा' असं, एवढ्या शब्दाने साक्षीदाराला आठवणारा वेग बदलतो, हे त्यांनी १९७४ सालीच दाखवलं होतं. आता एकाच विद्यापीठात एकीकडे दिवसन् दिवस आठवणारी माणसं आणि दुसरीकडे स्मृती किती सहज रचली जाते हे दाखवणारी संशोधक. २०१३ साली दोन्ही गट एकत्र आले. असामान्य स्मृतीच्या वीस जणांना लॉफ्टस यांच्या पद्धतीच्या चाचण्या दिल्या, आणि त्यांच्यातही खोट्या स्मृती सर्वसामान्यांइतक्याच तयार झाल्या. न्यायालयात 'मला स्वच्छ आठवतं' म्हणणाऱ्या साक्षीदाराकडे कसं पाहावं, यासाठी हा निष्कर्ष फार गंभीर आहे. असं काम वेगवेगळ्या इमारतींत बसून झालं असतं असं मला वाटत नाही.

पुढे मार्सेलो वुड यांच्या कामाने जनुकांवरच्या रासायनिक खुणा स्मृती किती पक्की करतात हा धागा आणला, आणि २०१०च्या दशकात संचालक झालेले मायकेल यासा यांनी मिळत्याजुळत्या आठवणी मेंदू वेगळ्या कशा ठेवतो हा. यासा यांच्या गटाचा कॅफीनवरचा २०१४चा प्रयोग इर्विनला येण्याआधी जॉन्स हॉपकिन्समध्ये झाला, पण तुम्ही तो जरूर वाचा. लोकांना आधी चित्रं दाखवली आणि २०० मिलिग्रॅम कॅफीन त्यानंतर दिलं. चोवीस तासांनी, आधी पाहिलेल्या चित्रासारखंच पण किंचित वेगळं चित्र त्यांना अधिक चांगलं ओळखता आलं. त्याच्या पन्नासहून जास्त वर्षं आधीची बर्कलीतली मांडणी जशीच्या तशी.

तुमच्या प्रकल्पासाठी आता. अर्क कुठलाही असो, ब्राह्मी, शंखपुष्पी, ज्योतिष्मती, पॅसिव्ह अव्हॉयडन्समध्ये एक गट शॉकनंतर लगेच औषध दिलेला ठेवा आणि एक गट तोच डोस काही तास उशिरा दिलेला. तिसऱ्या गटाला शॉक न देता फक्त औषध द्या, म्हणजे औषधाने उंदीर नुसताच बाहेर रेंगाळतो का ते कळेल. तोंडाने पाजलेला अर्क रक्तात पोचायलाच वेळ घेतो, म्हणून शक्य असेल तर शुद्ध घटक इंजेक्शनने द्या, नाहीतर 'लगेच' या शब्दाला अर्थ राहत नाही. ब्राह्मीसारखं औषध आठवडेच्या आठवडे द्यायचं असेल तर ते या मांडणीत बसत नाही. तिथे वेदनेची चाचणी आणि मोकळ्या जागेत फिरण्याची चाचणी सोबत जोडा आणि दावा तेवढाच करा. आणि वहीत प्रत्येक उंदरापुढे शॉकची वेळ आणि सुईची वेळ, दोन्ही घड्याळ बघून मिनिटापर्यंत लिहा.